मिरगुंडाची खोड

बसा. पिशवी खाली ठेवा, रोह्याला जायला अजून वेळ हाय तुम्हाला. त्या खुर्चीचा एक पाय तोकडा हाय, भिंतीला टेकून बसलात तर पडणार नाय. तुम्हाला एका कुत्र्याची गोष्ट सांगतो. सुरवातीला जराशी चावट हाय, ते आत्ताच बोलून ठेवतो. नायतर मागनं बोलाल, म्हातारा झाला तरी ह्याची जीभ सुधारली नाय. हसू आलं तर खुशाल हसा. ज्याच्यावर बेतली तो आयझॅकभाऊपण हसला. पण फार उशिरानं.

पेणला रामवाडीत राहायचा, आयझॅक झिराडकर. ज्यू माणूस. म्हंजे तुमच्याआमच्यासारखाच, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकर खाणारा, फक्त शनवारी कामाला हात लावणार नाय आणि देवळाच्या जागी मशिदीत जाणार. त्यांच्या जागेला इकडं मशीदच बोलतात, ज्यूंची मशीद. आधी त्यांची घरं होती बरीच. मंग एकेक घर उठलं आणि तिकडं इस्रायलला गेलं. आयझॅक राहिला. रोह्याच्या कंपनीत बॉयलरवर होता, शिफ्ट करून करून केस गेले, पण गाव सोडलं नाय. बायको हन्ना, ती तर बोलायची, "तिकडं वाल मिळत नायत, मी कशाला जाऊ?"

ह्या हन्नावहिनीनं तो कुत्रा आणला. ती पापडाच्या कामाला जायची. एकदा उडदाची ती बारकी मिरगुंडं चादरीवर वाळत घातलेली, बघते तर चादरीच्या मधोमध एक पिल्लू बसून आरामात जेवतंय. काठी घेऊन मारायला गेली आणि पदरात घालून घरी घेऊन आली. नाव ठेवलं मिरगुंड. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. बाकी कुत्रा म्हणून अगदी शहाणा. ताटात तोंड घालणार नाय, विनाकारण भुंकणार नाय. सगळी आळी बोलायची, आयझॅकभाऊ, कुत्रा असावा तर असा.

मंग हन्नावहिनी गेली. आणि मिरगुंडाला ती खोड लागली.

खोड म्हंजे कसली, तर माणसाच्या पायाला पुढच्या दोन पायांनी गच्च मिठी मारायची आणि मंग कंबर... आता तुम्ही मोठी माणसं हात, सगळं फोडून सांगायला लावू नका. गल्लीत कुत्री आली तर तिच्याकडं ढुंकून बघणार नाय. माणसाचा पायच लागायचा. बाई, बाप्या, लहान, थोर, काय भेदभाव नाय.

पयला बळी सिलिंडरवाला. भरलेली टाकी आत ठेवून रिकामी खांद्यावर घेतली, वळला, आणि मिरगुंडानं पकडला. टाकी पडली ती आयझॅकभाऊच्या तुळशीच्या... तुळस नव्हे, ज्यू माणूस, पुदिन्याची कुंडी होती, तिच्यावर. सिलिंडरवाला सज्जन. नुसतं बोलला, "काका, पुढच्या वेळी टाकी तुम्हीच गाडीवरनं उतरवून न्या."

दुसरं प्रकरण जास्त महागात गेलं. पेन्शनवाल्यांचा माणूस आलेला, म्हाताऱ्यांच्या हयातीचे अंगठे घ्यायला. चांगला बसला, पाणी प्याला, यंत्र काढलं. यंत्राला आयझॅकभाऊचा अंगठाच दिसेना, बॉयलरनं रेषा खाल्लेल्या. तो बोलला, "गाडीतनं दुसरं यंत्र आणतो," आणि उठला. मिरगुंडानं पँटीसकट धरला. तो माणूस जो गेला तो परत काय आला नाय. पुढच्या महिन्यात आयझॅकभाऊ कागदावर मेला. मंग हा ऑफिसात गेला, खिडकीपाशी उभा राहून बोलला, "मी जिवंत हाय."

खिडकीतला बोलला, "आमचा माणूस येऊन गेला."

"मंग त्यानं मला बघितला ना जिवंत?"

"त्याच्या रिपोर्टात तुम्ही नाय, कुत्रा हाय."

तीन खेपा घातल्या तेव्हा बिचारा पुन्हा जिवंत झाला. एवढ्या वयात मरण काय नवीन नाय, पण कुत्र्याच्या असल्या धंद्यामुळं मरायचं म्हंजे इज्जतीचा प्रश्न.

आता खरी अडचण सांगतो. आयझॅकभाऊच्या डोळ्यात काचबिंदू. बाजूचं दिसेनासं झालेलं, मंग समोरचंपण धूसर व्हायला लागलं. एकदा चहात साखर समजून मीठ घातलं आणि प्यालापण, कारण तक्रार करायला घरात कोण नव्हतं. मुलगी रूथ तिकडं इस्रायलात, अश्दोदला नर्स हाय. ती रोज फोनवर, "पप्पा, या आता. मी तिकीट काढते." हा रोज, "बघू." शेवटी एक दिवस बोलला, "बरं." आणि लगोलग विचारलं, "मिरगुंड?"

रूथ बोलली, "पप्पा, मी रेंटच्या घरात राहते. कुत्रा चालत नाय."

तर असं. माणसाच्या जाण्याची सोय झाली, कुत्र्याच्या राहण्याची नाय.

शेजारी गुणाजी. मूळचा रोह्याकडचा शेतकरी, इकडं मुलाकडं राहायला आलेला. दोघांची दोस्ती अशी की रोज भांडल्याशिवाय जेवण पचायचं नाय. गुणाजीची बहीण सरू, रोह्याला राहते. एकटीच, नवरा गेलेला. ओटीवर वाल, मूग, पोहे मांडून विकते. गुणाजीनं तिला विचारलं. ती बोलली, "कुत्रा हवाच हाय मला, मांजरं पोह्याची पोती फाडतात. पण माझ्या ओटीवर बायामाणसं येऊन बसतात. त्याची ती खोड सोडवा, मंग आणा."

म्हंजे आयझॅकभाऊला तिकीट निघायच्या आत मिरगुंडाला सभ्य करायचा होता. नायतर कुत्रा रस्त्यावर. हायवेच्या कडेला रामवाडी, तिथं सोडलेलं कुत्रं किती टिकतं ते मी सांगायला नको.

सल्ल्यांना काय तोटा? पेणमध्ये एक गणपती मागा, दहा मूर्ती दाखवतील. सल्ला मागा, वीस मिळतील. टेम्पोवाला प्रविण बोलला, "त्याला चड्डी शिवा." शिंप्यानं मापं घेतली, तीपण लांबून. शाळेच्या गणवेशाचं उरलेलं खाकी कापड होतं, त्याची शिवली, शेपटीला भोक ठेवून. मिरगुंड चड्डी घालून बाजारातनं निघाला तर माणसं दुकानाबाहेर येऊन बघायला लागली. आयझॅकभाऊ मान खाली घालून चाललेला. कोणतरी ओरडला, "काका, बूटमोजे राहिले!" घरी आल्यावर त्यानं ती चड्डी काढून चुलीत घातली. आणि चड्डीनं खोड काय थांबली नव्हती. कापडाच्या आतनं चालू.

दुसरा सल्ला, दमवा त्याला. दमला की अंगातली मस्ती उतरेल. मंग आयझॅकभाऊ रोज सकाळी त्याला घेऊन चालायला लागला. धूसर दिसतंय, तेव्हा कुत्रा पुढं आणि हा दोरी धरून मागं. कोण कोणाला फिरवतंय ते देवाला ठाव. एकदा असे चालत चालत जोहे गावापर्यंत गेले. तिथं सखाचा गणपतीचा कारखाना, आयझॅकभाऊच्या ओळखीचा. सखा आणि त्याची माणसं मूर्ती टेम्पोत चढवत होती. मिरगुंड शेडच्या सावलीत पडून होता, दमलेला, जीभ बाहेर. आयझॅकभाऊ खूश. बोलला, "बघ सखा, सुटली खोड." तेवढ्यात गाडी भरली, सखानं शेवटची मूर्ती उचलली आणि गाडीकडं निघाला. मिरगुंड उठला आणि सखाच्या पायाला!

मूर्तीचा हात गेला. मोदकाचा.

  आपण ज्यू, आपला कुत्रा, त्यांचा गणपती. आयझॅकभाऊ हात जोडून उभा राहिला. सखानं आधी पाय सोडवला, मंग तुटलेला हात उचलला, फुंकर मारली. बोलला, "भाऊ, घाबरू नको. अजून पूजा झाली नाय, अजून माती हाय ती. सांधतो मी." आणि मंग हळूच, "पण ह्याला परत आणू नको."

मंग रूथनं तिकडनं सांगितलं. तिनं काय काय वाचलेलं. "पप्पा, ओरडू नका त्याला, मारू तर नकाच. लक्ष दुसरीकडं वळवा. खाऊ द्या आणि 'बस' शिकवा. तो चढायच्या आत बस बोलायचं." हे खरं कामाला आलं, खोटं कशाला बोलू. हातात तळलेलं मिरगुंड धरायचं आणि जोरात बोलायचं, "बस!" की हा पटकन बसायचा. फक्त झालं असं, आयझॅकभाऊला नीट दिसत नाय, त्यामुळं कोणपण जरा हालला की हा आधीच ओरडायचा. आणि बॉयलरवरचा आवाज तो. एकदा प्रविण गप्पा मारायला आलेला, जायला उठला की "बस!", हा दचकून खाली. पुन्हा उठला, "बस!", पुन्हा खाली. शेवटी बिचारा चहा पिऊन, जेवून गेला. घरी बायकोनं विचारलं तर बोलला, "म्हातारा एकटा पडलाय गो, सोडतच नाय."

तसं बघाल तर ते काय खोटं नव्हतं.

अशात हन्नावहिनीचा वर्षाचा दिवस आला. त्यांच्यात असं हाय, दहा बाप्ये जमल्याशिवाय ती प्रार्थना होत नाय. पेणमध्ये दहा कुठून आणायचे? अलिबागला फोन, ठाण्याला फोन. सगळ्यात मोठे एलियाहकाका, पांढरी पँट, पांढरा शर्ट, काठी. आयझॅकभाऊ धरून मोजून मोजून दहा झाले. मलिदा केलेला, म्हंजे गोड पोहे, खोबरं, वर फळं. मिरगुंड टेबलाखाली नाक पंज्यावर ठेवून पडलेला. सगळी प्रार्थना होईपर्यंत हालला नाय. एलियाहकाका वाचत होते आणि हन्नाचं नाव आलं तेव्हा त्याचा पडलेला कान जरा उचलला, असं आयझॅकभाऊ बोलतो. त्याला कुठं दिसत होतं, पण बोलतो.

मंग मंडळी निघायला उठली.  आयझॅकभाऊनं बॉयलरच्या आवाजात ठोकली, "बस!"

नऊ पाहुण्यांतली आठ जणं खाली बसली.

एलियाहकाका बोलले, "आयझॅक, अरे प्रार्थना झाली ना? आता कशाला बसवतोस?" आणि तेच तेवढे उभे होते. मिरगुंडाला पांढरी पँट मिळाली.

पुढचं सांगत नाय. ठाण्याच्या दोन पोरांना हसू आवरेना, ती मलिद्याचं ताट तोंडापुढं धरून बाहेर पळाली. ज्याच्या बायकोचा दिवस, तो मधोमध उभा, हातात तळलेलं मिरगुंड. एलियाहकाकांनी पँट झटकली, आणि रागानं नाय, दुःखानंच बोलले, "ह्याचं काय ते कर. पण ऐक, खच्ची करायचा नाय हां. आपल्यात चालत नाय. जनावराला स्वतः करायचं नाय आणि दुसऱ्याला करायला सांगायचंपण नाय."

"मंग करू काय काका?"

"ते मला काय ठाव? काय करायचं नाय, ते सांगितलं."

आयझॅकभाऊला हे माहीत होतं. त्याचा आजा तेलाचा घाणा चालवायचा. घाण्याला बैल बाजारातनं तयारच आणायचा, आधीच खच्ची केलेला. कोणी केला, कधी केला, विचारायचा नाय. पण तयार कुत्रा कुठं मिळतो? आणि मिळाला तरी तो मिरगुंड थोडीच?

तरी गेला. इलाजच नव्हता. गुणाजीला सोबत घेऊन जनावरांच्या दवाखान्यात. तिथं मनाली डॉक्टर, तरुण पोरगी, बोलायला गोड. ती बोलली, "करू या आजोबा, नसबंदी सोपी असते. इथं सही करा, मालकाची संमती."

आयझॅकभाऊनं पेन खाली ठेवलं. "मी सही नाय करणार."

"मंग कसं करणार मी?"

"तुम्ही आपल्या मनानं करा. मी सांगितलं नाय, तुम्ही ऐकलं नाय. मी बाहेर झाडाखाली बसतो."

"आजोबा, असं कुत्र्याचं कोणी आपल्या मनानं करत नाय!"

बाहेर झाडाखाली दोघांनी डोकं लावलं आणि गुणाजीला युक्ती सुचली. "तू मला वीक. माझा कुत्रा झाल्यावर मी काय करतो, तुला काय करायचंय? नंतर मी तुला परत देतो."

"विकला म्हंजे खराच विकला पाहिजे हां. खोटं नाय चालणार वर."

"खराच घेतो. काय देऊ?"

दुकानातनं नारळ आणला. आयझॅकभाऊनं नारळ कानापाशी हलवून बघितला, पाणी हाय, मंग घेतला आणि दोरी गुणाजीच्या हातात दिली. बोलला, "आजपास्नं तुझा." बोलताना आवाज जरा बारीक झाला, पण व्यवहार म्हंजे व्यवहार. नारळ मांडीवर घेऊन झाडाखाली बसून राहिला.

गुणाजी ऐटीत आत गेला. बराच वेळ झाला. मंग बाहेर आला, सोबत मिरगुंड. जसा गेला तसाच, सगळ्या सामानासकट.

"झालं?"

"नाय."

"सही केली नाय?"

गुणाजी बाकावर बसला. "अरे, सही करायला वाकलो आणि ह्यानं माझ्या पायावर हनुवटी ठेवली. मघापर्यंत तुझा होता तेव्हा बोलायला सोपं वाटत होतं. आता माझा झाला ना. माझ्यानं नाय झालं."

"गाढवा! त्याच्यासाठीच तर तुला विकला!"

"मंग परत घे."

"घेतो. हा घे तुझा नारळ."

भांडण ऐकून मनाली डॉक्टर बाहेर आली. बोलली, "आजोबा, खरं सांगू? करूनसुद्धा सुटेल असं नाय. ह्याचं वय झालंय, सवय मुरलेली हाय. आणि लोकांना वाटतं तसली मस्ती प्रत्येक वेळी नसते ती. कुत्रा घाबरला, बावरला तरीपण असंच करतो. त्याला दुसरं काय करावं ते कळत नाय. तुम्ही बघा, तो नेमकं कधी करतो? माणसं आली की?"

आयझॅकभाऊ हो बोलायला गेला, आणि बोटांवर मोजायला लागला.

आली की नाय. सिलिंडरवाला आत आला तेव्हा नाय. पेन्शनवाला तासभर बसला तेव्हा नाय. सखा, प्रविण, एलियाहकाका. सगळे उठले, निघाले, तेव्हा. आणि सगळ्यात पयला सिलिंडरवाला नव्हताच. आयझॅकभाऊला आता आठवलं. हन्नाला पनवेलच्या इस्पितळात ठेवलेली, हा तिचे कपडे न्यायला दुपारी घरी आलेला. पिशवी भरली, उचलली, आणि मिरगुंड पायाला. ह्यानं घाईत लाथ मारली त्याला. दाराबाहेर पडतो तोच फोन आला, पिशवीची गरज नाय म्हणून.

त्यानं डॉक्टरला एवढंच सांगितलं, "माणसं गेली की." मंग घरी आला आणि मिरगुंडाला शोधत शोधत त्याच्याशेजारी जमिनीवर बसला. गुणाजीनं मुद्दाम भांडण काढून बघितलं, पण हा काय भांडला नाय.

पण तिकीट काय थांबत नाय. दिवस भरत आलेले. गुणाजी बोलला, "आता खोड कळली ना? मंग सोपं हाय. सरूच्या ओटीवर बायका बसतात, त्या उठल्या तरी ह्याला काय? ना त्या ओळखीच्या, ना ते घर ह्याचं. तुझ्या जाण्याचाच प्रश्न. तुझी पिशवी मी आधीच स्टेशनावर नेऊन ठेवतो. हा जेवायला बसला की तू मागल्या दारानं सटक. त्याला कळायच्या आत गाडीत."

प्रविणच्या टेम्पोनं रोह्याला गेले. येष्टीत विचारलेलं, तर कंडक्टर बोलला, कोंबडी चालेल, कुत्रा चालणार नाय, कोंबडी चढत नाय कोणावर. म्हंजे पेणातनं बातमी त्याच्यापर्यंत गेलेली.

सरूनं ओटी सारवून ठेवलेली. दोनतीन बाया वाल निवडत बसलेल्या, खास बघायला आलेल्या, तोंडावर पदर घेऊन. मिरगुंड सगळ्यांना हुंगून आला. पोत्याशी गेला, एक मांजर हाकलली. सरूच्या पायाशी पडला. एक बाई उठून घरी गेली, ह्यानं मान वर करून बघितलं नाय. सरू बोलली, "काय बोलता तुम्ही, एवढा गुणाचा कुत्रा!" आणि त्याला भाकर आणि दूध कुस्करून ताटलीत घातलं.

गुणाजीनं आयझॅकभाऊला कोपरखळी मारली. चल.

आयझॅकभाऊ उठला. चाचपडत, भिंतीला हात लावत मागल्या दारापर्यंत गेला. कडी काढली. बाहेर परस, परसाच्या पलीकडं गल्ली, गल्लीतनं स्टेशन. मागनं मिरगुंडाचं दूध पिण्याचं लपलप ऐकू येत होतं. सगळं जमलेलं. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

आणि तिथंच राहिला. गुणाजी कुजबुजला, "अरे निघ ना!"

"हन्ना अशीच गेली रे," तो बोलला. "मी पिशवी आणायला गेलो तेवढ्यात. मला किती राग आलेला तिचा." आणि उलटा फिरला.

ओटीवर आला. बोलला, "गुणाजी, पिशवी आण माझी."

"तुला येड लागलं? सरू नाय ठेवणार मंग त्याला! एवढं सगळं केलं ते पाण्यात!"

"आण."

पिशवी आली. आयझॅकभाऊनं ती मिरगुंडाच्या समोर, त्याला दिसेल अशी उचलली, आणि बोलला, "येतो रे." आपल्यात जातो बोलत नायत.

मिरगुंडानं दूध सोडलं. आला आणि पायाला मिठी मारली. आजवर मारली नसेल अशी. बायांनी पदर तोंडात कोंबले. एक तर हसता हसता सुपात आडवी झाली, वाल सगळे ओटीभर. गुणाजी ओरडला, "बस बोल! बस बोल त्याला!"  आयझॅकभाऊ पाय रोवून उभा राहिला, एक हात पिशवीला, एक हात कुत्र्याच्या डोक्यावर. कंबर हालत होती कुत्र्याची आणि सगळा म्हातारा गदागदा हालत होता. त्यालापण हसू फुटलं. मोठ्यानं हसला, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत, आणि मंग पाणी यायचं थांबेना.

सरू उठली. आयझॅकभाऊला वाटलं, संपलं. बोलला, "सरू गो, मी फसवणार होतो तुला. बघ, सुटली नाय खोड. नको असला तर सांग."

सरूनं आधी त्या हसणाऱ्या बायांना गप्प केलं. "काय दात काढता गो? माझा नवरा गेला तेव्हा मी दिवसभर रिकाम्या उखळात मुसळ मारत बसलेली. भात नाय, पोहे नाय, नुसतं ठक ठक. शेजारीण बोलली येड लागलं. पण नसबंदी कर असं कोणी सांगितलं नाय मला." मंग खाली बसली, मिरगुंडाला मागनं दोन्ही हातांनी धरला, आणि हळूहळू म्हाताऱ्याच्या पायापासून सोडवला. "निघा तुम्ही. गाडी चुकेल. राहील तो."

गेला आयझॅकभाऊ. गुणाजी सांगतो, गाडी पेणला येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसलेला, बाहेरचं काय दिसत नव्हतं तरी.

इथवर गोष्ट बरी होती. पुढचं बिघडलं ते सरूच्या चांगुलपणानं. तिकडनं आयझॅकभाऊचा फोन यायचा. पयला प्रश्न, "करतो का गो अजून?" करायचा. बाकी कोणासाठी नाय, पण सरू बाजाराला जायला पिशवी उचलली की धरायचाच, अजून धरतो. पण सरूला वाटलं, म्हातारा परमुलखात, त्याच्या जिवाला घोर नको. बोलली, "नाय हो भाऊ. सुटली. एकदम सुटली. आता कोणी येवो, कोणी जावो, ह्याला काय नाय."

 मंग बोलला, "बरं झालं गो. विसरला म्हंजे. बरं झालं." आणि ठेवला.

त्यानंतर त्यानं मिरगुंडाचं नाव काढलं नाय. रूथ सांगते, पप्पा नीट जेवत नायत. सरूला चूक कळली, तिनं फोन करून खरं सांगितलं, अजून करतो भाऊ, माझी शपथ. तर बोलला, "राहू दे सरू, माझी समजूत काढू नको." गुणाजीनं सांगितलं, तर त्याला शिव्या घातल्या, तू बहिणीचंच बोलणार. मी सांगितलं, मलापण तेच. व्हिडिओ काढून पाठवला, पण त्याला तो दिसतो कुठं? ओळखीच्या माणसाचा त्याला विश्वास नाय राहिला. सगळे आपल्यावर दया करतात असं वाटतं त्याला.

तुम्ही त्याच्या ओळखीचे नाय. म्हणून एक काम करा माझं. रोह्याला चाललायच, तर सरूच्या ओटीवर जरा टेका. चहा देईल ती, घ्या. मंग हीच पिशवी उचला आणि बोला, "येतो गो मावशी, तिकडं आयझॅकभाऊला भेटायला चाललोय." नाव मोठ्यानं घ्या, त्याला ऐकू जाईल असं. मिरगुंड येईल, पायाला धरील. झटकू नका. लाज वाटली तरी उभे राहा, त्याचं होईपर्यंत. आणि मंग तिथनंच म्हाताऱ्याला फोन लावा, नंबर सरू देईल, आणि सांगा त्याला, की मी परका माणूस, मला तुमचं काय देणंघेणं नाय, पण माझ्या स्वतःच्या पायावर बघितलं. एवढं सांगा.